पन्नाशीच्या उंबरठ्यावरचं कपाट : कमी खर्चात अंगाला शोभतील असे कपडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी ब्लाऊज आणि कुर्ते शिवते, जुने कपडे उसवून पुन्हा अंगाला बसवून देते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी पंचेचाळीस ते साठच्या मधल्या. त्या जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. या सगळ्या उत्तरांमागे माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगते : हात आखडायचाच असेल तर कापडावर आखडा, शिलाईवर नको. कटपीसमधलं साधं सुती कापड नीट बेतलं तर ते महागड्या रेडिमेड कुर्त्यापेक्षा अंगावर कितीतरी चांगलं दिसतं.

कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात, तरी घालायला काही सापडत नाही. सुरुवात कुठून करू?

दुकानात जाऊ नका, आधी कपाट रिकामं करा. सगळे कपडे पलंगावर काढा आणि एकेक अंगात घालून बघा. नुसता समोर धरून कपडा कळत नाही. जे आज बसतं आणि आवडतं ते परत कपाटात ठेवा. जे घट्ट झालंय पण कापड धड आहे, ते बाजूला काढा आणि उलटं करून शिवणीत किती माया सोडली आहे ते बोटाने चाचपून बघा. पूर्वीच्या शिंपीकाकांच्या हातचे ब्लाऊज असतील तर दोन्ही बाजूंना इंच-इंचभर कापड आत दडलेलं सापडेल. तो तुमचा फुकटातला साठा. उरलेलं, म्हणजे विरलेलं, बोळे आलेलं, कधीच न आवडलेलं, ते घराबाहेर जाऊ द्या. बोहारीण अजून गल्लीत येत असेल तर तिला द्या. मऊ सुती साड्या मात्र गोधडीसाठी ठेवा.

राहिला तो 'बारीक झाले की घालीन' हा गठ्ठा. हा गठ्ठा समोर राहिला की रोज सकाळी कपाट उघडताना मन खट्टू होतं, हे मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की मी स्पष्ट सांगते : तो नजरेआड करा. माळ्यावर टाका. वजन उतरलंच तर कपडे आत घ्यायला फारसा वेळ लागत नाही. सैल करणं कठीण, आत घेणं सोपं. म्हणून आज आहे त्या अंगाचेच कपडे शिवा.

माप घरच्या घरी कसं घ्यायचं? शिंपी दरवेळी वेगळंच माप काढतो.

जी ब्रा रोज घालता ती घालूनच माप घ्या, टेप जमिनीला समांतर ठेवा आणि पोट आत ओढू नका. छातीचा घेर, छातीखालचा घेर, कंबर, बेंबीच्या पातळीवरचा घेर, सीट, खांद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर, मुंढा (बाही जिथे जोडतात तो घेर) आणि दंडाचा घेर. बेंबीचा घेर आणि दंडघेर ही दोन मापं पुष्कळ ठिकाणी घेतलीच जात नाहीत, आणि चाळिशीनंतर नेमकी तीच बदललेली असतात. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते, त्यामुळे वजनाच्या काट्यावर आकडा तोच असला तरी कुर्ता पोटावर अडतो. जुन्या ब्लाऊजवरून माप देण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण तो ब्लाऊज आज नीट बसत असेल तरच.

रेडिमेड कुर्ता एक साइज मोठा घेते, तरी बेढब दिसतो. असं का होतं?

कारण साइज वाढला की कंपनी सगळंच वाढवते : छाती, कंबर आणि खांदेसुद्धा. आपलं पोट वाढलं, दंड वाढले, पण खांद्याचं हाड काही वाढलेलं नसतं. मग खांद्याची शिवण दंडावर उतरते, मुंढ्यात कापड गोळा होतं, गळा पसरतो, आणि बाई आहे त्याहून जाड आणि थकलेली दिसते. आरशात पहिली नजर खांद्याच्या शिवणीवर टाका. ती हाडाच्या टोकावर बसली असेल तर बाकीचे दोष पुष्कळसे झाकले जातात.

रेडिमेड घ्यायचाच असेल तर तुमच्या अंगाच्या सर्वांत रुंद भागाला बसेल तो घ्या आणि शिवणवालीकडून बाजू आत घेऊन घ्या. बाजू आत घेणं सोपं आणि स्वस्त. खांदे कमी करायचे म्हणजे बाही उसवून, मुंढा नव्याने कापून, बाही पुन्हा लावायची, त्याला वेळ लागतो आणि पैसेही. खांद्यात दीड-दोन इंचांचा फरक असेल तर तो कुर्ता दुकानातच सोडून या. ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून बघू नका. खाली बसा, दोन्ही हात वर करून बघा, रिक्षाची दांडी धरल्यासारखे. तिथे ओढलं तर रोज ओढणार.

ऑनलाइन घेताना मॉडेलकडे बघू नका. तुम्हाला उत्तम बसणारा कुर्ता जमिनीवर पसरा, बगलेपासून बगलेपर्यंत टेप लावून दुप्पट करा आणि तो आकडा कपड्याच्या मापाशी ताडून बघा. काही तक्त्यांत अंगाचं माप दिलेलं असतं, काहींत कपड्याचं. या दोन्हींत सहज तीन-चार इंचांचा फरक पडतो.

पहिला खर्च कशावर करू?

ब्रावर. साडीवर नाही, कुर्त्यावर नाही, ब्रावर. कितीतरी जणी बाळंतपणानंतर ठरलेला नंबर वीस वर्षं तसाच घेत राहतात. पट्टा पाठीवर वर चढतो, छाती खाली उतरते, वरचं कापड पोटावर टेकतं, आणि मग आपण म्हणतो की कुर्ताच वाईट शिवलाय.

छातीखालचा घेर इंचांत मोजा, सम आकड्यात आणा : तो तुमचा पट्ट्याचा नंबर. मग छातीचा सर्वांत भरलेला घेर मोजा. दोन्हींत एक इंचाचा फरक असेल तर ए कप, दोन असेल तर बी, तीनला सी, चारला डी. खालचा घेर ३६ आणि छाती ४० असेल तर ३६ डी. पुष्कळ बायका हे अंग ४० बी मध्ये कोंबतात, कारण दुकानात तोच नंबर पुढे केला जातो. पट्टा पाठीवर आडवा सरळ राहिला पाहिजे आणि नवीन असताना सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसला पाहिजे. तो पुढे सैल होत जातो, तेव्हा आतले हुक उपयोगी पडतात. घरातल्या पुरुषासमोर किंवा सुनेसमोर हा विषय काढायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण दोन चांगल्या ब्रांनी जुनं अर्धं कपाट पुन्हा बसायला लागतं, हे मी रोज बघते.

साड्या खूप आहेत, ब्लाऊज एकही बसत नाही. सगळे नवीन शिवायचे?

मुळीच नाही. आधी जुने उसवा. दोन्ही बाजूंच्या शिवणीत माया असेल तर दीड-दोन इंच सहज सुटतात. तेवढ्याने भागत नसेल तर पुढच्या हुकपट्टीला नवीन पट्टी जोडून आणखी पाऊण इंच मिळतो, ती पदराखाली जाते. बाही दंडात आवळत असेल आणि आत कापडच नसेल तर बगलेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा छोटा तुकडा, घालता येते. ती त्याच कापडाची मिळाली नाही तरी चालते, हात खाली असताना दिसत नाही. हात वर करताना ब्लाऊज वर चढतो ती तक्रारही कळीनेच जाते.

सिल्क आणि ब्रोकेडचं मात्र आधीच सांगते. जुनी शिवण उसवली की सुईच्या भोकांची ओळ आणि आतल्या कापडाचा गडद रंग दिसतो. उलट बाजूने वाफेची इस्त्री फिरवल्यावर थोडं बसतं, पूर्ण जात नाही. बाजूची शिवण पदराखाली आणि हाताखाली लपते म्हणून मी तरीही ते करायला सांगते, विशेषतः लग्नातल्या शालू-पैठणीच्या ब्लाऊजचं. ते कापड पुन्हा मिळणार नाही.

बाकी साड्यांसाठी मॅचिंगचा नाद सोडा. एक काळा, एक मरून, एक मोरपंखी आणि एक खणाचा, असे चार ब्लाऊज नीट मापात शिवून घेतले की निम्म्याहून जास्त साड्या त्यावर निघतात. त्यात एखादा कलमकारी किंवा इकतचा घातला तर साध्या एकरंगी सुती साड्याही बाहेर घालण्याजोग्या होतात. रोजच्यासाठी पूर्ण सुती टू बाय टू घ्या. कापड मीटरभर आणा. साडीबरोबर येणारा ८० सेंटिमीटरचा पीस मोठ्या मापाला आणि लांब बाहीला पुरत नाही. मग शिंपी बाही आखूड करतो आणि तुम्हाला ते घरी आल्यावर कळतं.

नवीन ब्लाऊज शिवताना काय सांगायचं?

एकेक सांगा, 'नेहमीसारखा' म्हणू नका. उंची अर्धा-एक इंच वाढवा, म्हणजे कमरेवरची घडी झाकली जाते. पण फार वाढवली तर बसताना ब्लाऊज दुमडून वर येतो, म्हणून ट्रायलला खुर्चीत बसून बघा. छाती भरलेली असेल तर साध्या टक्सपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट जास्त चांगला बसतो. बाही दंडाच्या सर्वांत जाड जागी संपवू नका. कोपराच्या जरा वर किंवा कोपरापर्यंत न्या, आणि दंडात बोट सरकेल इतकी सैल ठेवा. मागचा गळा फार खोल घेतला की पाठ सैल पडते आणि खांदे घसरतात, आणि घट्ट केला की पट्ट्यावर वळ्या उठतात. पाठ उघडी हवीच असेल तर खोल गोल गळ्याऐवजी मध्यम खोलीचा व्ही आकार करून बघा. आणि शेवटी : 'दोन्ही बाजूंना माया सोडा, कापू नका.' हे सांगितलं नाही तर इंटरलॉक मारताना कडेचं कापड उडवलं जातं.

साडी नेसले की जास्तच जाड दिसते. आईला तर साडी किती छान दिसायची!

साडीत दोष नसतो, कापडात असतो. खळ केलेली कडक सुती, ऑर्गंझा, जाड टिश्यू ही कापडं अंगापासून दूर उभी राहतात आणि निऱ्यांचा पोटावर ढीग करतात. मलमल, धुऊन मऊ झालेली सुती, माहेश्वरी, क्रेप, जॉर्जेट आणि मुरलेलं जुनं सिल्क अंगाला धरून खाली पडतं. कडक साडी आवडत असेल तर खळ न करता दोन-तीनदा धुऊन बघा, तीच साडी वेगळी दिसते.

निऱ्या रुंद आणि कमी घ्या. बारीक निऱ्या जास्त पडल्या की त्यांची जाडी नेमकी बेंबीखाली साठते. पहिला फेरा घट्ट आणि सपाट ओढून घ्या, कारण बाकीची साडी त्यावरच बसते. पदर खांद्यावर बारीक पिन करण्यापेक्षा छातीवर थोडा पसरून घेतला तर पोटाची बाजू आपोआप झाकते. उंची कमी असेल तर वीतभर रुंद काठ पायाशी उंची खातो. तिथे बोटभर काठाच्या साड्या काढा, रुंद काठाच्या सणावाराला ठेवा. मोठे काठ शोभत नाहीत असं मी म्हणत नाही. इरकल कुणाला शोभत नाही? पण रोजच्या ऑफिसला बारीक काठ हलका वाटतो.

परकरही बघा. दोन पट्ट्यांचा सरळ सुती परकर पोटावर चुण्या करतो. सहा किंवा आठ कळ्यांचा, वर बसका आणि खाली घेर असलेला शिवून घ्या. हल्ली मिळणारे ताणले जाणारे साडी शेपवेअर काही जणींना आवडतात. समारंभात दोन-तीन तास ठीक आहे, पण उन्हाळ्यात दिवसभर त्यात राहणं मला योग्य वाटत नाही, घामोळं उठतं.

परकराच्या नाडीने कमरेवर काळा वळ पडलाय. काही करायला हवं का?

हो, आणि हे दिसण्यापुरतं नाही. त्याच जागी रोज घट्ट नाडी बांधल्याने त्वचा काळी पडते, खाज सुटते, सालं निघतात. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. व. रा. खानोलकरांनी १९४५ साली एका सहकारी डॉक्टरसह घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली. एक नाडीचा परकर वापरणारी, दुसरी परकराशिवाय लुगडं घट्ट नेसणारी. दोघींच्या कमरेवर बरेच महिने न भरलेली जखम होती आणि तिचं कर्करोगात रूपांतर झालं होतं. असं फार क्वचित घडतं, घाबरून साडी सोडू नका. पण गोल नाडीच्या जागी दोन इंच रुंद पट्टा लावून घ्या, घरात सैल बांधा, बांधायची जागा वर-खाली बदला. सालं निघत असतील तर काही दिवस नाडीच वापरू नका. तिथे जखम असेल आणि ती भरत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर नको. हेच सलवारच्या नाडीलाही लागू आहे.

अचानक अंगातून वाफा निघतात, घामाने कपडा चिकटतो. कोणतं कापड घ्यावं?

मलमल, केम्ब्रिक, खादी, लिनन. या दिवसांत पॉलिएस्टर क्रेपचे कुर्ते दिसायला कितीही सुळसुळीत असले तरी अंगात शिक्षा वाटतात. एक गोष्ट सहज निसटते : वरचं कापड सुती आणि अस्तर टेरिकॉटचं. शिंप्याला अस्तर सुतीच हवं असं सांगा, नाहीतर स्वतःच आणून द्या. समोरून बटणं उघडणारा कुर्ता आणि वरून सुती ओढणी किंवा बिनबाह्यांचं जाकीट ठेवलं की गरम झाल्यावर एक थर काढता येतो. रेयॉन गार लागतो, स्वस्तही असतो, पण पाण्यात आटतो.

म्हणून कोणतंही सुती किंवा रेयॉन कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच शिंप्याकडे न्या. 'कापड भिजवलेलं आहे का?' हे विचारायची पाळी शिंप्यावर येऊ देऊ नका. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणतो त्यावर शंका असेल तर कडेचे दोन दोरे ओढून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो.

पोट पुढे आहे. कुर्ता कोणत्या आकाराचा शिवू?

पोट लपवायला तंबूसारखा घोळदार शिवू नका. छातीपर्यंत नीट बसलेला, तिथून हळूहळू पसरत गेलेला ए-लाइन शिवा. लांबी गुडघ्याच्या जरा खाली. बाजूचा कट कुठून सुरू होतो यावर बरंच अवलंबून असतं : तो कमरेपासून उघडला तर पुढचा पल्ला पोटावरून उडतो, आणि फार खाली ठेवला तर सीटवर ओढतो. सीटच्या सर्वांत रुंद जागेच्या दोन बोटं वर तो सुरू व्हावा. पोटावर आडवी पट्टी, मोठा योक किंवा कमरेत दोरी नको. गळ्यापासून खाली बटणपट्टी असेल तर नजर वरून खाली जाते. मानेच्या वळ्या सलत असतील तर उंच कॉलर आणि बंद गळा टाळा, व्ही किंवा पानगळा घ्या.

खाली लेगिंग्जऐवजी सरळ सुती पँट किंवा सिगार पँट घाला. लेगिंग्जने पाय बारीक आणि वरचा भाग मोठा दिसतो.

स्वस्त आणि चांगलं कापड कुठे मिळतं? किती आणायचं?

पुण्यात रविवार पेठ आणि लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्ल्या, अस्तर-लेस-बटणांसाठी तुळशीबाग. मुंबईत कापडासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट, साड्या आणि ड्रेस मटेरियलसाठी दादरचा हिंदमाता, लेस-काठांसाठी भुलेश्वर. नागपूरला गांधीबाग. गावात कटपीसचं दुकान असेल तर ते सोडू नका, ठाणाच्या शेवटी उरलेले दोन-अडीच मीटरचे तुकडे तिथे कमी दरात मिळतात. खादी भांडारांत २ ऑक्टोबरच्या सुमारास सूट असते, रोजच्या कुर्त्यांचं कापड तेव्हा घेऊन ठेवा. साड्यांचे सेल आषाढात लागतात. अल्टरेशनही आषाढातच द्या, कारण लग्नसराईत आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर शिंपी उसवण्याच्या कामाला हात लावत नाही.

किती आणायचं ते पन्न्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर, ठरतं, म्हणून दर विचारण्याआधी पन्ना विचारा. गुडघ्याखाली येणाऱ्या, कोपरापर्यंत बाही असलेल्या मोठ्या मापाच्या कुर्त्याला ४४ इंच पन्न्यात अडीच मीटर लागतं. ३६ इंच पन्ना असेल तर तीनच्या पुढे, ५८ इंच असेल तर पावणेदोन-दोनमध्ये भागतं. मीटरला स्वस्त वाटणारं अरुंद कापड शेवटी महाग पडतं ते असं.

प्रदर्शनात 'प्युअर सिल्क, हातमाग' म्हणून अगदी कमी किमतीत साड्या असतात. घ्याव्यात का?

साडी आवडली असेल तर घ्या, पण सिल्क समजून नको. अस्सल रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सिल्क मार्क आहे, त्याचं होलोग्रामचं लेबल बघा. हातमागाच्या साडीच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर टोचल्याच्या बारीक खुणा दिसतात. तंग पैशांत नवीन पैठणीच्या मागे लागू नका असं मी म्हणेन. घरात आहे तिचा ब्लाऊज दुरुस्त करा, फॉल बदला, ती पुन्हा नेसा.

जुन्या साड्यांचे कुर्ते करावेत का?

कापड दमदार असेल तरच. साडी उजेडासमोर धरा, घडीच्या रेषांवर विरळ दिसते का बघा, आणि दोन्ही हातांनी हलकेच आडवी ओढा. चर्र आवाज आला तर तिला कात्री लावू नका, शिलाई फुकट जाईल. साडेपाच मीटर साडीतून दोन कुर्ते निघतात, किंवा एक कुर्ता आणि एक ओढणी. काठ खाली घेरावर लावण्याचा मोह होतो. त्याऐवजी बाह्यांना आणि बटणपट्टीला लावा, घेराला साधंच ठेवा. जुन्या सिल्कला सुती अस्तर लावलंच पाहिजे, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. आईची किंवा सासूबाईंची साडी असेल तर घरात विचारून मगच कापा. त्यावरून बहिणी-बहिणींत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

केस पांढरे झाले, आता आवडते रंग चेहऱ्यावर मेलेले वाटतात.

केसांचा रंग हा चेहऱ्याभोवतीचा सर्वांत मोठा रंग असतो, तो बदलला की बाकीचं गणितही बदलतं. फिकट क्रीम, राखाडी, मातकट हे रंग पांढऱ्या केसांबरोबर पुष्कळदा चेहरा ओढल्यासारखा करतात. गडद निळा, राणी, जांभळा, बाटली हिरवा, कुंकवासारखा लाल चेहऱ्याला उठाव देतात. पण ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. सकाळच्या उजेडात खिडकीशी उभं राहून एकेक ओढणी गळ्याशी धरा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गडद दिसली तर तो रंग तुमचा नाही. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हे कळत नाही, कापड दारापर्यंत नेऊन बघा, चांगला दुकानदार हरकत घेत नाही. नको असलेल्या रंगाचे कुर्ते घरात असतील तर टाकू नका, चेहऱ्याशी शोभणाऱ्या रंगाची ओढणी घ्या.

या वयात बिनबाह्यांचा ब्लाऊज, जीन्स, भडक रंग शोभतात का? घरचे नावं ठेवतात.

शोभतात. वय बघून कपडा शोभत नाही, बसतो की नाही यावर शोभतो. जाडसर कापडाची, उंच कमरेची, सरळ पायाची जीन्स आणि मांडीपर्यंत येणारा सुती शर्ट पन्नाशीच्या बाईला उत्तम दिसतो. बिनबाह्यांच्या ब्लाऊजचा मुंढा बगलेत घट्ट बसेल असा बेतला की बाजूने काही डोकावत नाही, खांद्याची पट्टी तीन बोटं रुंद ठेवा. वर्षानुवर्षं मुलांच्या फिया, घराचे हप्ते, सासू-सासऱ्यांची आजारपणं यांतून स्वतःसाठी एक धड कुर्ता न घेतलेल्या बायका माझ्यासमोर उभ्या असतात आणि आरशात बघायला लाजतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. नावं ठेवणारे दोन दिवस ठेवतात, तुम्ही आवडेल ते घाला.

हाताशी फक्त पाच हजार रुपये आहेत. कसे खर्च करू?

दर गावोगावी वेगळे, पण मी असे वाटेन. हजाराच्या आसपास दोन ब्रा आणि एक नीट शिवलेला परकर. दीड हजारांत जुने ब्लाऊज आणि कुर्ते दुरुस्त होऊन येतील, यातच सर्वांत जास्त कपडे हाती लागतात. दोन हजारांत कटपीसमधलं कापड आणून अस्तरासह दोन कुर्ते शिवून घ्या. उरलेले पाचशे बाजूला ठेवा, ट्रायलनंतर काहीतरी निघतंच. दोन्ही कुर्ते एकाच वेळी शिवायला देऊ नका. आधी एक शिवून घ्या, धुवा, दिवसभर घालून बघा, काय खुपतं ते लिहून ठेवा, मग दुसरा द्या. एक कुर्ता मनासारखा जमला की तोच मापाला द्यायचा, पुढची कित्येक वर्षं भांडण नाही.

नवऱ्याच्या कपड्यांचंही असंच करता येतं का?

येतं, आणि सोपं आहे. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत बहुधा माया असते, कंबर इंच-दीड इंच सैल होते. शर्टात मात्र पोटावर बटणं ताणली की काही करता येत नाही, तो मुलाला द्या. नवीन शर्ट खांद्याला बसणारा घ्या आणि पोटाला सैल हवा असेल तर कपडा शिवूनच घ्या. पट्टा पोटाखाली सरकत असेल तर आधी पँटची उंची आणि कंबर तपासा.

मी परदेशात असते, दोन वर्षांतून एकदा येते. इथून काय शिवून नेऊ?

येण्याआधी महिनाभर मापाचा ब्लाऊज किंवा कुर्ता घरी पाठवा आणि आल्या आल्या पहिल्या आठवड्यात एकच नमुना शिवून ट्रायल घ्या. शेवटच्या दोन दिवसांत दहा ब्लाऊज घेऊन जाणाऱ्यांना तिथे गेल्यावर सगळेच उसवावे लागतात, आणि तिकडची शिलाई इथल्या नवीन ब्लाऊजच्या कितीतरी पट असते. प्रत्येक कपड्यात दोन्ही बाजूंना दीड इंच माया मागून घ्या. उरलेलं कापड आणि अस्तराचे तुकडे, त्याच रंगाचं रीळ आणि चार जादा हुक एका पिशवीत घालून बरोबर न्या. थंडीत स्वेटरवर साडी नेसत असाल तर त्या ब्लाऊजांचं माप स्वेटरसकट द्या.